सहावी घडी

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ६ नोव्हेंबर १९२७

मुक्ताक्का,

तुला वाकून नमस्कार, आणि तुझ्या सासूबाईंना त्येच्यापेक्षा जरा जास्त वाकून. तुझं लगीन होऊन तू शेजारच्या घरातनं करकंबला गेल्यापासनं हितं मला बोलायला कुणी न्हाय. तू असताना तरी मी कुटं बोलत हुते म्हणा. तू बोलायचीस, मी ऐकायची. पण कागदाची मला लाज वाटत न्हाय, म्हणून लिवतीय.

काल मला बगायला मंगळवार पेठेतले कापडवाले गुरुसिद्धप्पा आले हुते. संगं त्येंची बायको ईरम्मा आणि मुलगा मल्लिकार्जुन. आता आमच्या घरात बोलायची रीतच न्हाय हे तुला ठावं हाय. पुढच्या खोलीत चार माग दिवसभर खटाखटा चालत्यात, कानाशी वरडलं तरी ऐकू येत न्हाय. आमचे आप्पा धोटा मारता मारता नुसतं ओठ हलवत्यात आणि मी वळखते, पाणी पायजे का सूत पायजे. काल पावण्यांसाठी माग बंद ठिवले हुते, पण नजर सवयीनं ओठावरच. डोळ्यात बगायचं तर मला जमतच न्हाय. माझी नजर ओठाच्या वर चढतच न्हाय.

गुरुसिद्धप्पांनी उप्पीट तोंडात घातलं आणि मनाशीच पुटपुटले, मीठ कमी हाय. आवाज न्हाय, नुसतं ओठ. मी उठून मीठ आणून ठिवलं. ईरम्मा पुटपुटल्या, काय उकडतंय. मी खिडकी उघडली. म्हातारा घास हातात तसाच धरून माझ्याकडं बगत राहिला. मग त्येनं डोळं मिटलं आणि जप केल्यावानी ओठ हलवले, खिडकी लाव. मी लावली.

मुक्ताक्का, म्हातारा रडायला लागला. आईला वाटलं उप्पीटात मिरची जास्त झाली.

आमच्या आप्पांना म्हणले, "गुरप्पा, ही साधी पोर न्हाय. हिची बुद्धी जागी झालीया."

आप्पा म्हणले, "न्हाय हो, चौथीतच शाळा सोडली तिनं."

मग त्येंनी मागावरची नवी चादर मागून घेतली आणि तिच्या सात घड्या घालून आप्पांना शिकवलं. म्हणले, माणूस असा सात घड्यांचा असतोय. खालची घडी म्हंजे देह, दुसरी छायेचा देह, तिसरी प्राण. चौथी काम, म्हंजे हवं-नको, राग-लोभ सगळं तितंच. पाचवी मन. मनाला विचार करून समजतं. सहावी घडी बुद्धी. तिला विचार न करता, बोलल्याबिगर समजतं. सातवी आत्मा. आपण सगळे चौथ्या-पाचव्या घडीत गुरफटून मरतो, हिची सहावी उघडी हाय. त्येंचं ब्रह्मविद्येचं मंडळ हाय म्हणं. दुकानावरच्या माडीत दर रविवारी डोळं मिटून बसत्यात, ती घडी उघडावी म्हणून. अजून कुणाची उघडली न्हाय.

मला सांगायचं हुतं की ओठ हलत्यात तुमचं. पण तोंडातनं शब्द निघंना. आणि सैपाकघराच्या दारातनं आईचे ओठ सांगत हुते, गप बस, पोर खपतीया.

मुलगा चांगला हाय. लाजरा हाय, पाटाकडं बगून बसला हुता. उठायच्या आधी त्यो बी कायतरी पुटपुटला. ते मी लिवणार न्हाय.

आठवडाभरात निरोप धाडतो म्हणलेत. खरं सांगावं का गप बसावं, तू सांग.

तुझी
हेमावती


करकंब
ता. ११ नोव्हेंबर १९२७

हेमे,

तुझं पत्र दिरानं आधी फोडलं आणि चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई, म्हंजे आमच्या बजाबाई, लई खूश झाल्या. म्हणल्या, सून असावी तर अशी, मीठ मागायच्या आधी मीठ. आणि माझ्याकडं असं बगितलं की मला तुझ्या सहाव्या घडीचा रागच आला.

अगं, गप बस की. शाळंत मास्तरनं नाव इचारलं तर तू पाटीवर लिवून दाखवायचीस, आणि आता कुटं तुला बोलायची घाई झालीया. सासऱ्याला वाटू दे की तुला मनातलं कळतंय. सासरा तुला उलटं बोलायचं तर सोड, मनात आणायला बी भिईल. आम्हाला असा सासरा मिळाला असता तर मी चार भाकऱ्या जास्त खाल्ल्या असत्या. आमचे मालक हिंदुराव तर मी वरडून सांगितलं तरी समजून घेत न्हाईत, तेंची सहावी घडी वाळवीनं खाल्ली असंल.

त्यो मुलगा काय पुटपुटला ते कळव. न्हायतर मी माझ्या मनानं ठरवीन आणि ते लई वाईट असंल.

मुक्ता


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २८ नोव्हेंबर १९२७

मुक्ताक्का,

तुझं ऐकून गप बसले आणि घात झाला.

मागल्या रविवारी गुरुसिद्धप्पा सगळं मंडळ घेऊन आमच्या घरी आले. आप्पांनी माग बंद केले. सगळे पुढ्यात बसून मनात एकेक गोष्ट धरायला लागले. त्येंना सगळ्यांना जपाची सवय, मनात काय आलं की ओठ हललेच. एकानं मनात पाणी मागितलं, मी दिलं. एकाला वाटलं आपली टोपी वाकडी झाली का, मी मान हलवून न्हाय म्हणले. दुसरं काय करणार. गप बसून राहिले तर पावण्यांचा अपमान, आणि बोलायला तर येत न्हाय.

अडलं ते आबासाहेबांपाशी. ते पेन्शनीत गेलेले फौजदार. त्येंच्या मिशा अशा हायत की ओठ कुटं संपतोय आणि मिशी कुटं चालू हुतीया ते कळंना. मी खाली बगत राहिले. गुरुसिद्धप्पा गंभीर होऊन म्हणले, "फौजदार, तुमच्या अंतःकरणावर पडदा हाय, म्हणून बुद्धी मागं फिरली." बिचारे उठून गेले. काल मंडळ परत जमलं, तवा आले ते मिशा काढून. अहंकार टाकला म्हणले. आणि मनात इचारलं, आता दिसतंय का? मी मान हलवली. हुंदके देऊन रडले, मुक्ताक्का. आणि मिशीखालचं तोंड इतकं लहान निघालं की मला बी रडू आलं.

मग गुरुसिद्धप्पा उठले आणि माझ्या पायावर डोकं ठिवलं. म्हणले, "सहावी घडी उघडलेल्या जिवाला चुलीपुढं बसवायचं म्हंजे महापाप. हे लगीन हुणार न्हाय. आमी हिला माडीवर बसवू. ही आमची माताजी."

आप्पांना हो म्हणावं का न्हाय म्हणावं कळंना. रातच्याला आईला सांगत हुते, "सून म्हणून न्हाय तर न्हाय, पण रोज दूध आणि केळी देणार म्हणत्यात."

मला दूध नको आणि केळी नको. आता तुला सांगते मल्लिकार्जुन काय पुटपुटला ते. पाटाकडं बगत म्हणला, "हिनं न्हाय म्हणू नये म्हंजे झालं."

मला आजवर कुणी व्हय-न्हाय इचारलंच न्हाय. त्येला तेवढी भीती वाटली. मला त्योच पायजे. त्या घरात मला जायचं हाय, पण जिन्यानं वर न्हाय, सैपाकघराच्या दारानं आत. आता काय करू?

हेमावती


करकंब
ता. ३ डिसेंबर १९२७

हेमे,

ह्या खेपेला पत्र मीच फोडलं आणि शेवटचं पान कुणाला दाखवलं न्हाय. बाकीचं वाचून दाखवल्यावर बजाबाई चुलीपुढनं उठून वसरीत येऊन बसल्या, म्हंजे मामला मोठा हाय असं समज.

त्या म्हणत्यात, सोपं हाय. म्हाताऱ्यानंच सांगितलंय की चौथी घडी म्हंजे राग-लोभ. मग ती उघडून दाखव. एकदा त्येला कळलं की ही खादाड हाय आणि भांडकुदळ हाय, की त्यो आपोआप म्हणंल, ही माताजी न्हाय, ही सून हाय.

खायाचं तुला जमंल. भांडायचं मी शिकवते, म्हंजे बजाबाई शिकवत्यात आणि मी लिवतीय. आधी पदर खोचायचा. पदर मोकळा ठिवून भांडण हुत न्हाय. मग माणसाला काय म्हणायचं न्हाय, त्येच्या भांड्याला म्हणायचं. "हा तांब्या घासलाय का चाटलाय?" असं. तांब्यावरनं घरावर यायचं, घरावरनं माणसावर. एकदम माणसावर गेलीस तर पुढं बोलायला काय राहत न्हाय आणि रडू येतं. मधीच दम लागला तर "मी काय म्हणते" असं म्हणायचं, तेवढ्यात श्वास घेता येतो. समोरचा गप बसला तर "आता का गप?" म्हणायचं. बोलला तर "आता का बोलता?" म्हणायचं.

बजाबाई म्हणत्यात हे त्येंनी आजवर कुणाला शिकवलेलं न्हाय. माझ्यावर करून दाखवलंय, ते येगळं.

रोज थोडं थोडं म्हणत जा. लाज वाटली तर जिथं कुणाला ऐकू जात न्हाय तिथं म्हण. तुमच्या घरात माग हायतच की.

मुक्ता


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १४ डिसेंबर १९२७

मुक्ताक्का,

बजाबाईंना सांग, त्येंचा दोष न्हाय.

आधी खाल्लं. गुरुसिद्धप्पांकडं दर्शनाला बोलावलं हुतं, तितं ईरम्मांनी शेंगाच्या पोळ्या केलेल्या. मी मागून मागून खाल्ल्या. मागून म्हंजे ताट पुढं सरकवून. ताटातल्या संपल्या तशा म्हाताऱ्याच्या ताटाकडं बगितलं, तर त्येनं आपली बी उचलून दिली. ती बी खाल्ली. त्यो मंडळाला सांगतोय, "बगा, कसलीच निवड न्हाय, कसलंच पुरे न्हाय. देह खातोय, ती नुसती बगतीय." ईरम्मा तेवढ्या माझ्याकडं बगून हळूच म्हणल्या, "ओवा देऊ का?" मला वाटतं त्या घरात तेवढ्या शहाण्या हायत.

मग भांडणाचा अभ्यास. माग चालू झाले की मी कोपऱ्यात उभी राहून पदर खोचून तांब्याला बोलायची. दोन-तीन दिस लई चांगलं जमलं. माझा आवाज मला बी ऐकू येत न्हवता, म्हणून जोरात निघायचा. परवा मी घरावरनं माणसावर आले हुते, आणि नेमका तवाच आमच्याकडं कामाला असलेल्या येडूच्या मागावर ताण्याचं सूत तुटलं म्हणून सगळ्यांनी हात थांबवले. सगळं शांत, आणि त्या शांततेत मी वरडतीया, "आता का गप, आता का गप?"

येडू ताण्याची टोकं हातात धरून तसाच उभा. आप्पांच्या हातातनं धोटा पडला. मी तांब्या घेऊन मागल्या दारी पळाले.

आप्पांनी जाऊन गुरुसिद्धप्पांना सांगितलं. ते म्हणले, "बुद्धी वाचेवर उतरली. आता का गप, म्हंजे आमालाच जागं करतीया." मंडळात आता बैठकीच्या आधी सगळे मिळून तेच म्हणत्यात.

येत्या सोमवारी मला माडीवर बसवणार. पहिला उपदेश कुणाला द्यायचा ते बी ठरलंय. मल्लिकार्जुनला. त्येनं माझा शिष्य हुयाचं आणि ब्रह्मचारी राहायचं. आप्पांनी व्हय म्हणून टाकलं. मला बोलायला येत न्हाय, मुक्ताक्का, आणि सोमवारनंतर बोलून उपेग न्हाय.

हेमावती


करकंब, ता. १७ डिसेंबर १९२७

हेमे, पाकीट संपलं म्हणून कार्डच लिवतीय. त्या मुलाला गाठ आणि तोंडानं सांग की मला तुमच्यासंगं लगीन करायचं हाय. दुसरा इलाज न्हाय. जमत न्हाय तर त्येच्या पायावर तांब्या पाड, कायतरी बोलणं निघंल. कार्ड पोस्टात टाकायच्या आधी मास्तरनं वाचलं, पाटलानं वाचलं, सगळ्यांचं म्हणणं हेच हाय. काय झालं ते लगोलग कळव, हितं गाव खोळंबलंय. मुक्ता


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २१ डिसेंबर १९२७

मुक्ताक्का,

तुझं कार्ड मंगळवारी आलं, म्हंजे सगळं झाल्यावर. तरी गावाला सांग, त्येंचं म्हणणं बरोबर हुतं.

सोमवारी मला माडीवर नेलं. सात घड्यांची चादर पसरून तिच्यावर बसवलं, गळ्यात हार घातला. समोर सगळं मंडळ, आबासाहेब पुढच्या रांगेत. आप्पा आणि आई दाराशी. बजाबाईंनी शिकवलेलं मनात म्हणून बगितलं तर एक शब्द जागेवर न्हाय. पदर खोचावा म्हणलं तर हार आडवा आला.

मल्लिकार्जुन नारळ घेऊन आला. माझ्या पायाशी ठिवला, हात जोडले, डोळं मिटले. आणि त्येचे ओठ हलले, "माताजी, मार्ग दाखवा."

मुक्ताक्का, कुटनं काय आलं मला ठावं न्हाय. मी म्हणले, "माताजी कुणाला म्हणता हो?"

माझाच आवाज. भिंतीवर आपटून परत आला.

गुरुसिद्धप्पा गहिवरून म्हणले, "बगा मंडळी, पोरगं मनात म्हणलं आणि हिला समजलं."

मग मला आणखीच राग आला. म्हणले, "मनात कसलं? ओठ हलत्यात तुमचे. सगळ्यांचे हलत्यात. आमच्या घरी दिवसभर माग चालत्यात, कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय. ओठ बगून कळतंय आमाला. येडूला बी कळतंय. तुमी येडूला बसवा हितं."

"असं कसं," गुरुसिद्धप्पा म्हणले. "असं हुणार न्हाय."

मी उठले, त्येंचं उपरणं घेतलं आणि त्येंच्याच तोंडावर धरलं. सासऱ्याच्या तोंडावर, मुक्ताक्का. म्हणले, "धरा. आता आणा मनात काय आणायचं ते."

त्येंनी डोळं मिटले. उपरणं काढून म्हणले, "काय आणलं मी?"

"मला काय ठावं?" मी म्हणले.

आबासाहेबांनी नाकाखाली हात लावून बगितला आणि म्हणले, "मग माझ्या मिशा कशापायी गेल्या?"

मी तवर मल्लिकार्जुनकडं वळले हुते. आता थांबायलाच येईना. म्हणले, "आणि तुमी. आमच्या घरी पाटावर बसून काय म्हणला हुता? हिनं न्हाय म्हणू नये म्हंजे झालं, असं म्हणला हुता. मी न्हाय म्हणले का? मग नारळ घेऊन पाया पडायला का आला?"

त्येचे कान लाल झाले. म्हणला, "आमच्या आप्पांनी सांगितलं."

"मग बाशिंग बी तुमच्या आप्पांनाच बांधा."

"नको," त्यो म्हणला. मोठ्यानं म्हणला, सगळ्यांना ऐकू गेलं. "मला पायजे ते."

तवा पाठीमागनं ईरम्मा उठल्या. "साकु," म्हणल्या, म्हंजे पुरे. मग नवऱ्याकडं वळून, "री," म्हंजे अहो, "सहावी घडी उघडी असल्यावर चुलीपुढं बसवायचं पाप, असंच म्हणला हुता ना तुमी? आता बंद हाय ते सगळ्यांनी बगितलं. साखरपुडा कवा करायचा ते बोला."

गुरुसिद्धप्पा म्हणले, "अगं, पण चौथी बग की किती उघडी हाय हिची."

"माझी बी उघडीच हाय. इतकी वर्सं तुमाला दिसली न्हाय, आता दोघी मिळून दाखवतो."

मंडळ जिना उतरून गेलं. म्हातारा तितंच बसून राहिला. मला लई वाईट वाटलं. माणूस वाईट न्हाय. माझ्याकडं बगून लहान पोरावानी म्हणला, "पण खिडकी तर लावली हुतीस की."

मी खाली बसले आणि म्हणले, "मामंजी, तुमी तोंडानं सांगा, मी लावत जाईन."

साखरपुडा पौष सरल्यावर. आई घरी आल्यापासनं रडतीया आणि हसतीया. आप्पा माझ्याशी बोलायला भित्यात. माझा घसा बसलाय.

हेमावती


करकंब
ता. २७ डिसेंबर १९२७

हेमे,

पत्र देवळापुढं वाचलं. बजाबाईंना मधी बसवलं हुतं. उपरणं तोंडावर धरलं तिथं त्येंनी मला थांबवून परत वाचायला लावलं. म्हणल्या, हे मी शिकवलेलं न्हाय, हे तिचं सवताचं हाय, पोरगी नाव काढंल.

पण त्या मुलाचं काय कळलं न्हाय. "मला पायजे ते" एवढंच बोलून त्यो गप झाला का? आयुष्यभर एवढ्यावर भागवणार का तू? जरा बोलका हाय का न्हाय बगून घे. मला माझी एकटीची बडबड नुसती ऐकणारा मिळालाय, मला ठावं हाय त्यो तरास.

मुक्ता


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ३० जानेवारी १९२८

मुक्ताक्का,

साखरपुडा झाला. तू संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आली असतीस तर तोंडानंच सांगितलं असतं, आता जमतंय मला थोडं थोडं. भाजीवालीला कालच "मी काय म्हणते" म्हणले.

मल्लिकार्जुन बोलका हाय का इचारलंस. ऐक. परवा त्यो चादरींचा गठ्ठा न्यायला आमच्या घरी आला. चारी माग चालू. आप्पांनी हातानंच खूण केली, थांब, एवढी चादर उतरवतो. त्यो खांबाला टेकून उभा राहिला आणि मी सुताच्या कांड्या भरत समोर बसलेली.

मधी सगळा खडखडाट. आप्पा हायत, आई हाय, येडू हाय, आणि कुणाला काय ऐकू येणार न्हाय. त्येला सुचलं ते. त्यो बोलायला लागला, मुक्ताक्का. नुसते ओठ. लई बोलला. दुकानातलं सांगितलं, त्येच्या आईचं सांगितलं, त्येचे आप्पा आता डोळं मिटून न बसता उघडं ठिवून बसत्यात ते सांगितलं. आणि आणखी काय काय सांगितलं ते मी लिवणार न्हाय, आणि ह्या खेपेला तू कितीबी इचार.

मग मी बी तशीच बोलले. इचारलं, सणाला मला करकंबला धाडाल का? त्येनं मान हलवली. भाकरी करपली तर गप खाल का? मान हलवली. मी रागावले तर उठून दुकानात न जाता समोर बसाल का? मान हलवली, आणि हसला.

तवा माझ्या ध्यानात आलं. त्येच्या घरी माग न्हाईत. मी त्येचे ओठ वाचत हुते, पण त्येला माझे कुटनं वाचता येणार?

म्हणून मी सावकाश इचारलं, "मी बोलतीय त्यातलं तुमाला काय कळतंय का?"

त्येला बी त्येनं व्हय म्हणून मान हलवली.

मग मी कांडी बाजूला ठिवली, नीट बसून घेतलं, आणि जन्मभर लागंल तेवढं सगळं एका बैठकीत कबूल करून घेतलं.

तुझी
हेमावती